चाळीस थ्रो वहीत आहेत, हातात किती? (ज्युदो, कुस्ती, कराटे शिकणाऱ्यांसाठी)

पांढरा पट्टा

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय ते लिहिते.

मी पुण्यात ज्युदो शिकते. सुरुवात केली तेव्हा ३९ वर्षांची होते, आता ४१. पहिले तीन महिने आमच्या सरांनी मला फक्त पडायला शिकवलं. मागे पड, कुशीवर पड, पुढे लोळण घेऊन ऊठ. याला उकेमी म्हणतात. मला राग यायचा, कारण शेजारच्या मॅटवर कॉलेजची मुलं एकमेकांना खांद्यावरून फेकत असायची. मग मी घरी वही केली. ज्युदोची एक जुनी अभ्यासयादी आहे, गोक्यो. १८९५ मध्ये ती पहिल्यांदा तयार झाली तेव्हा तीत ४२ थ्रो होते, १९२० च्या सुधारणेनंतर ४० झाले. चाळीसही नावं पाठ केली. प्रत्येकासमोर पाय कुठे, हात कुठे, कंबर किती वळवायची हे लिहून काढलं. पण रांदोरीत, म्हणजे खुल्या सरावात, वर्षभरात त्यातला एकही लागला नाही.

गेल्या दिवाळीनंतर सरांनी सांगितलं, "आता महिनाभर कुणाला पाडायचं नाही. समोरच्याचं वजन एका पायावर आणायचं आणि सोडून द्यायचं. बास." याला कुझुशी म्हणतात, तोल मोडणं. ज्युदोत कुठल्याही थ्रोचे तीन टप्पे असतात: तोल मोडायचा, आपण जागेवर जायचं, मग थ्रो. माझ्या वहीत फक्त तिसरा टप्पा होता!

त्या महिन्यात मला ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा एक हिशेब खऱ्या अर्थाने कळला. ते सांगत, समजा समोरच्याची ताकद दहा आहे आणि माझी सात. त्याने पूर्ण जोराने ढकललं आणि मी अडून राहिलो तर मी हरणारच. पण तो ढकलतो तितकाच मी मागे सरकलो तर तो पुढे झुकतो, तोल जातो, आणि त्या क्षणी त्याची ताकद तीनच उरते. माझी मात्र सातच असते. हे मी दहा वेळा वाचलं होतं. माझ्यापेक्षा वीस किलोंनी जड मुलगा माझ्या हाताखाली अलगद एका टाचेवर आला, तेव्हा पोटात काहीतरी हललं. त्याला मी पाडलं नाही, सोडून दिलं. तरी घरी येईपर्यंत हसत होते.

दुसरी गोष्ट त्याच महिन्यात उमगली. वर्षभर मी धरून चालले होते की शिकवणं हे सरांचं काम, मी फी भरली, मी वेळेवर येते, मी लिहून घेते. "माझा थ्रो का लागत नाही?" हा प्रश्न मी कायम त्यांना विचारायचे. स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

तर प्रश्न दोन. तुमच्या शिकण्यात तत्त्व आधी आलं की डाव आधी? आणि शिकण्याची जबाबदारी कुणाची, गुरूची की आपली?

तालीमगल्ली

ताई, धागा आवडला. मी कोल्हापूरचा, आठवीपासून पाच वर्षं तालमीत होतो. मोठा पैलवान झालो नाही, गावच्या जत्रेत चार कुस्त्या केल्या तेवढंच. पण तालमीनं जे दिलं ते अजून अंगात आहे.

आमच्या वस्तादांनी तत्त्व हा शब्द कधी उच्चारला नाही. त्यांचं एकच वाक्य: "डोळ्याकडं बघू नगंस, कमरंकडं बघ. डोळा फसवतोय, कंबर फसवत न्हाई." पोरगं ढाक हा डाव मारायला गेलं आणि फसलं तर ते डाव परत दाखवायचे नाहीत. विचारायचे, "त्याचा पाय कुठं हुता?" सांगता आलं नाही तर पंचवीस बैठका. आता तुमचं वाचून कळतंय, ते हेच तुमचं कुझुशी शिकवत होते.

जबाबदारीबद्दल सांगतो. तालमीत ज्याच्याशी रोज लढत करायची तो आपला जोड. त्याचा खांदा उतरवलात तर उद्या तुम्ही मातीत एकटे. त्यामुळे डाव बसल्यावर वर कोसळायचं नाही, हे कुणी न सांगता कळायचं. आखाड्याची माती सुद्धा आम्हीच खणायचो. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर पडायचा, आणि ज्यानं फावडं धरलं नाही त्याला त्या दिवशी लढत नाही.

खाशाबा जाधवांचं उदाहरण मला कायम पटतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस लाल मातीतला. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी नवी, नियम नवे, तरी सहावा नंबर. चार वर्षांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. पायाखालची जमीन बदलली, नियम बदलले, तरी जे टिकलं ते डावाच्या खालचं काहीतरी होतं.

सुगरण नाही मी

तीन महिने नुसतं पडायचं! आमच्या घरात हे काम दोन वर्षांचा मुलगा विनामूल्य करतो, आणि काय सुंदर पडतो. वाचतेय, लिहा अजून.

काता आधी

माझं थोडं वेगळं मत आहे. नाशिकला बावीस वर्षं कराटे शिकवतो, बहुतेक विद्यार्थी सहा ते चौदा वयाचे.

लहान मुलाला "तोल मोडणं हे तत्त्व आहे" सांगून काही पोचत नाही. त्याला आकार द्यावा लागतो. आधी कात्याचा, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचा, साचा पक्का होऊ द्यायचा, अर्थ त्यात हळूहळू भरत जातो. इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावातल्या शाळांमध्ये कराटे आणलं तेव्हा मुलांसाठी पिनान हे पाच सोपे काता रचले, ते याचसाठी. त्यांचेच शिष्य गिचिन फुनाकोशी. त्यांनी नाइहांची या एका कात्याच्या तीन भागांवर दहा वर्षं घालवली. आज पालकांना हे सांगितलं तर पुढच्या महिन्यात मुलगा दुसऱ्या क्लासला दिसेल.

जपानीत शू-हा-री म्हणतात. आधी पाळायचं, मग मोडायचं, मग सोडून पुढे जायचं. पांढरा पट्टा ताई, तुम्ही वही केली ती तुमची "शू" होती. ते वर्ष वाया गेलं असं मला अजिबात वाटत नाही. चाळीस आकार डोक्यात नसते तर तोल मोडल्यावर पुढे काय हे शरीराला कळलं नसतं.

जबाबदारीबद्दल मात्र पूर्ण सहमत. फुनाकोशींचं सूत्र आहे, "कराटेत पहिला वार नाही." पहिल्या दिवशी मुलं हे जपानीत पाठ म्हणतात. चौथ्या-पाचव्या वर्षी एखादा येऊन सांगतो, "सर, शाळेत मला एकाने ढकललं, मी मारलं नाही, बाजूला झालो." त्या दिवशी त्याला सूत्र कळलं असं मी समजतो.

दोन मुलांचा बाबा

तुमच्यासारखे शिक्षक सगळीकडे असते तर बरं झालं असतं.

माझा मोठा मुलगा नऊ वर्षांचा. दीड वर्षं एका क्लासला जात होता. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, दर परीक्षेला वेगळे पैसे, पट्ट्याचे वेगळे, प्रमाणपत्राचे वेगळे. मी भरत गेलो, कारण तो खूश होता. वर्ग इमारतीच्या पार्किंगमध्ये, खाली साधी फरशी. एके दिवशी तिथल्या दादाने दोन मुलांना "कुस्तीसारखं पाडून बघा" म्हणून उभं केलं. पडायचं कसं हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं. मुलगा हात टेकून पडला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

सगळ्यात जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला. दवाखान्यात मुलगा मला म्हणाला, "बाबा, मला ऑरेंज बेल्ट आहे, मला कसं लागलं?" काय उत्तर देणार?

धागाकर्तीने विचारलंय जबाबदारी कुणाची. मी म्हणेन, त्या दीड वर्षात एकदाही खाली बसून पूर्ण वर्ग न पाहणाऱ्या बापाची सुद्धा. आता त्याला परत शिकायचंय. क्लास चांगला की वाईट हे आमच्यासारख्याने कशावरून ओळखायचं?

हाडवैद्य

@दोन मुलांचा बाबा, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कॉलेजात ज्युदो खेळलेय, म्हणून सविस्तर लिहिते. मुलाचं मनगट पूर्ण बरं झालं असेल अशी आशा.

पडताना हात पुढे टेकवणं ही शरीराची उपजत क्रिया आहे. सगळं वजन एका मनगटातून, कोपरातून, खांद्यातून वर जातं आणि साखळीत जे कच्चं असेल ते मोडतं. लहान मुलांत बहुतेकदा मनगट. उकेमी ही उपजत सवय पुसून दुसरी बसवते. हनुवटी छातीला, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल. आणि पूर्ण हात, तळव्यापासून खांद्यापर्यंत, शरीरापासून थोडा तिरका ठेवून एकदम जमिनीवर आपटायचा. धक्का एका सांध्यात न जाता मोठ्या भागावर पसरतो. हे वाचून येत नाही. शेकडो वेळा पडूनच येतं. त्यामुळे तीन महिने पाडून घेणारे सर माझ्या हिशेबाने फार चांगले सर आहेत.

आता जड विषय. ज्या देशात ज्युदो जन्मला तिथेच हे दुर्लक्षिलं गेल्याची किंमत मोजली गेली आहे. १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. बहुतेक डोक्याच्या दुखापतीने, आणि त्यात बाहेरून पाय छाटून मागे पाडायचा ओ-सोतो-गारी हा थ्रो पुन्हा पुन्हा आढळला. त्यात माणूस सरळ मागे जातो, हनुवटी आत नसेल तर डोकं आधी लागतं. पालकांनी संघटना केली, आवाज उठवला. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा हा वाद मोठा झाला. पुढे २०२२ मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण जिंकण्याच्या नादात लहान मुलांवर वजन कमी करण्याचा दबाव आणि मोठ्यांची ओरड वाढली होती.

वर तालीमगल्ली यांनी जोडाबद्दल लिहिलं ते ज्युदोत अगदी ठोस आहे. थ्रो करणाऱ्याचा एक हात शेवटपर्यंत समोरच्याची बाही धरून वर ओढत राहतो. त्या ओढीमुळे पडणारा कुशीवर येतो आणि त्याचं डोकं जमिनीपासून वर राहतं. उकेमी पडणाऱ्याची जबाबदारी, बाही फेकणाऱ्याची. ज्या वर्गात मुलं थ्रो झाल्या झाल्या बाही सोडून देतात आणि शिक्षक काही बोलत नाहीत, तिथे मुलाला घालू नका. आणि फरशीवर तर पाऊलच ठेवू नका.

तोक्योतला मराठी

हाडवैद्य यांनी लिहिलेलं खरं आहे, इथे अजूनही त्याविषयी बोललं जातं.

मी नोकरीसाठी नऊ वर्षं तोक्योत आहे. शनिवारी वॉर्डाच्या व्यायामशाळेत ज्युदोला जातो. कोदोकान, म्हणजे कानोंनी काढलेली ज्युदोची मुख्य संस्था, बुंक्यो भागात आहे, आज ती मोठी इमारत आहे. पण १८८२ मध्ये कानोंनी एइशोजी या देवळात सुरुवात केली तेव्हा जागा होती बारा ततामी चटयांची आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी नऊ. कानो स्वतः होते एकवीस वर्षांचे.

मूळ प्रश्नाशी जवळचे दोन प्रसंग कानोंच्याच आठवणींत आहेत. आधी ते फुकुदा नावाच्या गुरूंकडे जुजुत्सु, म्हणजे ज्युदोच्या आधीची जुनी जपानी युद्धकला, शिकत. एकदा फुकुदांनी त्यांना पाडलं तेव्हा कानोंनी विचारलं, हात कसा ठेवायचा, पाय कसा? गुरूंनी उत्तर दिलं नाही. "ये" म्हणाले आणि पुन्हा पाडलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पाडलं. म्हणणं असं की हजारदा कर, कळेल.

काही वर्षांनी ते इइकुबो या दुसऱ्या गुरूंकडे किटो-र्यु ही जुजुत्सुची शाखा शिकत होते. गुरू पन्नाशीचे, पण कानोंना रोज सहज पाडायचे. साधारण १८८५ मध्ये एके दिवशी उलटं झालं. कानो त्यांना पाडू लागले आणि त्यांचा एकही थ्रो कानोंना लागेना. गुरूंनी आश्चर्याने विचारलं, हे कसं? कानोंनी सांगितलं की समोरच्याचा तोल आधी मोडायचा हे मी अभ्यासत होतो. त्यावर गुरू म्हणाले, आता तुला शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही.

मला यात नेहमी वाटतं की दुसरा प्रसंग पहिल्याशिवाय घडला नसता. फुकुदांनी पाठ जमिनीला लावली म्हणूनच प्रश्न इतका खोल गेला.

अवांतर: १९२९ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावलं होतं. मुलींनाही शिकवलं जायचं. भारतात ज्युदो किती लवकर आला होता हे मला इथे आल्यावर कळलं.

जाळीतला

सगळं छान आहे, पण एक गोष्ट ठामपणे मांडतो. मुंबईत एमएमए, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स, करतो. तत्त्व तत्त्व म्हणत वर्षानुवर्षं हवेत हात हलवणारे लोक मी पाहिलेत. मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांची मेहनत खरी असते. समोरचा खरोखर विरोध करतो तेव्हाच कळतं की तुम्हाला तत्त्व कळलंय की त्याचं नाव कळलंय. कानोंनी जे मोठं काम केलं ते मला रांदोरी वाटतं. धोकादायक प्रकार बाजूला काढले, त्यामुळे उरलेले पूर्ण जोराने रोज करून बघता येऊ लागले.

जबाबदारीसाठी मी नव्या मुलांना १९५१ ची लढत सांगतो. रिओचं माराकाना स्टेडियम. जपानचे मासाहिको किमुरा विरुद्ध ब्राझीलचे एलियो ग्रेसी. किमुरांनी हात मागे पिळून कुलूप घातलं, ग्रेसींनी थाप, म्हणजे हार मानल्याची खूण, दिली नाही, हात मोडला, तरीही दिली नाही. शेवटी त्यांच्या बाजूने टॉवेल पडला. तो पेच आज जगभर किमुरा याच नावाने शिकवला जातो. लोक याला धैर्य म्हणतात आणि मलाही त्या माणसाबद्दल आदर आहे. पण सरावात मी सांगतो, थाप देणं तुझं काम आहे. वेळेवर थाप दे, म्हणजे उद्याही शिकशील. आणि समोरच्याने थाप दिली की त्याच क्षणी सोडणं हेही तुझंच काम.

तालीमगल्ली

@जाळीतला, शंभर टक्के. आमच्यात थाप नाही, पाठ लागली की झालं. पण "सोड" म्हटलं की सोडायचं हा नियम होता. न सोडणाऱ्याला वस्ताद स्वतः मातीत घ्यायचे. एकदाच घ्यावं लागायचं.

बाकी ज्युदोवाल्यांना एक विचारायचंय. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, का देत नाहीत हो? पायाला हात लावला की पंच थांबवतो हे बघून जीव तळमळतो.

पांढरा पट्टा

@तालीमगल्ली, २०१० पासून आंतरराष्ट्रीय ज्युदोत हाताने पाय धरण्यावर बंधनं आली, नंतर आणखी कडक झाली. सर सांगतात की सगळे वाकून पायावरच जायला लागले होते, उभं राहून लढणं मागे पडत होतं. तुम्ही आमच्या वर्गात आलात तर पहिल्याच मिनिटाला शिक्षा होईल, आणि दुसऱ्या मिनिटाला आम्ही सगळे तुमच्याकडून पट शिकायला बसू.

सुगरण नाही मी

यावरून आठवलं. माझी बहीण ज्युदो करते. तिचा तो जाड कोट पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही. आमच्या आजीने तो दोरीवर बघितला आणि म्हणाली, "गोधडी बरी शिवलीय, पण बाह्या कशाला लावल्या?"

पवित्रा

धाग्यातल्या भाषेवरून लिहावंसं वाटलं. बघा, आपण मराठीत किती सहज म्हणतो: अमुक पक्षाने आक्रमक पवित्रा घेतला, शड्डू ठोकला, पेचात पकडलं, चितपट केलं, धोबीपछाड दिली, आस्मान दाखवलं. हे सगळे शब्द मातीतून आणि हत्यारांच्या खेळातून आलेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मर्दानी खेळ शिकवते. आमच्याकडे पवित्रा म्हणजे पायांची चाल. मुलं येतात ती दांडपट्ट्यासाठी. २०२४ मध्ये तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाल्यापासून जास्तच. त्यांना वाटतं पहिल्या दिवशी पट्टा हातात मिळेल. आधी नुसते पवित्रे, मग लाठी, मग लाकडी तलवार. पट्ट्याचं पातं लांब आणि लवचिक, आणि मूठ कोपरापर्यंत झाकणारी. मनगट वळवायची सोयच नाही. त्यामुळे तो हाताने नाही, पायांनी आणि कमरेने फिरतो. पाय चुकला तर पातं आधी तुमच्याच पोटरीकडे येतं. इथे तत्त्व आधी की डाव आधी हा प्रश्न उरत नाही. पाय आधी.

आणि हत्यार ज्याचं त्याने पुसायचं, तेल लावायचं, मोजून ठेवायचं. पातं कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला आम्ही त्या दिवशी प्रेक्षकांत बसवतो.

स्लो लोकल

इतक्या चांगल्या चर्चेत एक वेगळा सूर लावतेय, समजून घ्याल अशी आशा.

"जबाबदारी" या शब्दाशी मला त्रास होतो. कॉलेजात आमच्यासाठी दोन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं होतं. मनगट कसं सोडवायचं, कोपर कुठे मारायचं. शेवटी प्रमाणपत्र आणि वाक्य: "मुलींनो, आता तुमची सुरक्षा तुमच्या हातात." सहा महिन्यांनी रेल्वेच्या पुलावर गर्दीत एकाने हात धरला आणि मी गोठले. काहीही आठवलं नाही. तो गेला निघून. त्यानंतर कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की चूक माझी, मला शिकवलं होतं तरी मी केलं नाही. घरी सांगितलंही नाही.

पाच वर्षांपूर्वी नीट शिकायला लागले तेव्हा कळलं की त्या शिबिरात माझा हात मैत्रिणीने कसा हसत हसत, सैल धरला होता. आमच्या मॅडमनी पहिल्यांदा खरंच घट्ट धरलं आणि विचारलं, "माझ्या पकडीत फट कुठे आहे?" फट असते अंगठा आणि बोटांच्या मध्ये. तिकडून हात काढायचा, सोबत अख्खं शरीर वळवायचं. किती तरी वेळा केलं. आणि त्याहून जास्त वेळ अंतर शिकवलं. कुणी किती जवळ आलं की पाय मागे जायला हवा, आवाज कधी मोठा करायचा.

पण तरीही, ज्याने हात धरला त्याची जबाबदारी त्याचीच. हे धाग्यात स्पष्ट लिहिलेलं असावं असं वाटलं.

हाडवैद्य

@स्लो लोकल, मनापासून लिहिलंत. गोठणं हा निर्णय नसतो. अचानक धोका दिसला की मेंदू अनेकदा आधी शरीर थांबवतो, विचार पोचण्याआधीच. यात तुमची चूक कणभरही नव्हती. वारंवार, खऱ्या विरोधासह सराव केला तर ते गोठणं काही वेळा लवकर सुटतं, इतकंच.

पांढरा पट्टा

@स्लो लोकल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी हे वेगळं करून लिहायला हवं होतं. मी शिकण्याच्या जबाबदारीबद्दल बोलत होते. हल्ल्याची जबाबदारी फक्त हल्ला करणाऱ्याची. या दोन गोष्टी एका शब्दात बसवल्या जातात, आणि मग कुणीतरी मुलगी वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहते. लिहिल्याबद्दल आभार.

काळा कोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण शिकणाऱ्याला ती माहीत असायला हवी.

स्वसंरक्षणाचा हक्क आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. आपल्या तसंच दुसऱ्याच्या शरीराचं आणि मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क आहे. पण कलम ३७ मध्ये मर्यादा आहेत. बचावासाठी जितकी गरज तितकीच इजा, त्याहून जास्त नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. म्हणजे समोरचा खाली पडून निपचित झाल्यावर मारलेली लाथ बचावात बसवणं अवघड. पळून जाणाऱ्याला गाठून मारलं तर तेही तसंच. त्याच वेळी कायदा तुमच्याकडून सोन्याच्या तराजूवर मोजमाप मागत नाही, त्या क्षणीची परिस्थिती पाहिली जाते.

जाळीतला यांनी लिहिलेलं "थाप दिली की त्याच क्षणी सोडणं" मला म्हणूनच महत्त्वाचं वाटलं. ज्याला सरावात थांबायची सवय आहे तोच रस्त्यावर थांबू शकतो.

काता आधी

@काळा कोट, हे मी वर्गात वाचून दाखवणार आहे. कराटेत वार लक्ष्याच्या अगदी जवळ थांबवायचा सराव असतो, त्याचं कारण मुलांना आता आणखी चांगलं सांगता येईल.

आणि @जाळीतला, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. आमच्या वर्गात विरोधासह सराव कमी आहे, हे मान्य करतो. पुढच्या महिन्यापासून मोठ्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस तसा ठेवतोय. काता मात्र सोडणार नाही.

जाळीतला

@काता आधी, सोडू नका. मी पण परवा आमच्या वर्गात नव्या मुलांना अर्धा तास फक्त पायांच्या चाली दिल्या. पवित्रा ताईंचा प्रतिसाद डोक्यात होता.

पांढरा पट्टा

इतक्या प्रतिसादांनंतर मूळ प्रश्नाकडे येते. परवा जुनी वही काढली. फाडणार होते, पण काता आधी सरांचं वाचल्यावर फाडली नाही. प्रत्येक थ्रोच्या नावासमोर एक नवा रकाना आखला: समोरच्याचा तोल कुठल्या दिशेला. ज्युदोत अशा आठ दिशा मानतात. गंमत म्हणजे चाळीस थ्रो या आठ घरांत बसायला लागले. कुठले एकमेकांचे भाऊ हे दिसायला लागलं. पुढे ओढल्यावर समोरचा अडून मागे रेलला तर आपोआप मागच्या घरातला थ्रो उघडतो. ओ-सोतो-गारीच्या समोर दुसऱ्या शाईने लिहिलंय: बाही सोडायची नाही.

रांदोरीत अजून दोनच थ्रो लागतात. पण का लागले हे दोन्ही वेळा सांगता आलं.

तत्त्व आधी की डाव, याचं उत्तर मला अजून एका वाक्यात देता येत नाही. तालीमगल्लींच्या वस्तादांचा प्रश्न मात्र मी आता रोज स्वतःला विचारते. त्याचा पाय कुठे होता?

दोन मुलांचा बाबा

इथलं सगळं वाचून गेल्या आठवड्यात तीन क्लास पाहिले. प्रत्येक ठिकाणी पूर्ण तास खाली बसलो. एका ठिकाणी बसू दिलं नाही, तो तिथेच बाद. एका ठिकाणी गादी चांगली, पण मुलं बाही सोडत होती.

तिसऱ्या ठिकाणी मॅडमनी मुलाला पट्टा कुठला हे विचारलंच नाही. मनगट दाखव म्हणाल्या, दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं, डॉक्टरांचं पत्र मागितलं. मग त्याला गादीवर बसवून मागे पडायला शिकवलं. तो घाबरला होता, हात मागे टेकवत होता. त्यांनी त्याच्या दोन्ही हातांत त्याचाच पट्टा धरायला दिला, म्हणजे टेकवायला हात मोकळाच नाही. विसाव्या वेळेला तो हसला. घरी येताना स्कूटरवर मागून विचारतो, "बाबा, तुम्हाला पडता येतं का?"

मॅडम म्हणाल्या पालकांसाठी शनिवारी सकाळी सातला वेगळा वर्ग असतो. नाव नोंदवून आलोय. कोट अजून घेतला नाही, साधी ट्रॅकपँट चालेल का?

पांढरा पट्टा

चालेल. झिप आणि खिसे नसलेली घाला, बोटं अडकतात. नखं कापून जा.